रिपोर्ट वाईट आहे, पण पाय काय म्हणतो?

«डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. माझ्या मिस्टरांचं वय ४४. जूनच्या शेवटी खताची पोती उतरवताना त्यांच्या कमरेत चमक भरली. चार दिवसांनी कंबर सुटली, पण डाव्या पायात कळ सुरू झाली. कुल्ल्यापासून मांडी आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगानं थेट अंगठ्यापर्यंत. आता सात आठवडे झाले. आधी रात्र रात्र बसून काढायचे, आता गोळीवर चार-पाच तास झोप लागते. पण ट्रॅक्टरवर दहा मिनिटंही बसवत नाही.

एमआरआयमध्ये असं आलंय: एल४-एल५ ला लेफ्ट पॅरासेंट्रल डिस्क एक्स्ट्रुजन, कॉडल मायग्रेशन, लेफ्ट ट्रॅव्हर्सिंग एल५ नर्व्ह रूटवर दाब. एल५-एस१ ला डिफ्यूज बल्ज. एल३-एल४ ला अ‍ॅन्युलर फिशर. मल्टिलेव्हल डिस्क डेसिकेशन.

एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलं. बारीक छिद्र, दुसऱ्या दिवशी चालत घरी, पण खर्च दुप्पट. दुसरे म्हणाले, मायक्रोस्कोपखाली नेहमीचं करू. गावातले डॉक्टर म्हणतात, अजून थांबा. सासूबाई म्हणतात, मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो. भावकीत एकाचं तसं झालंय. ऑक्टोबरात फळछाटणी आहे. इतका वाईट रिपोर्ट असताना थांबणं धोक्याचं नाही का? दुर्बिणीचंच करावं का? ऑपरेशननंतर गादी नीट बसली का हे बघायला परत एमआरआय काढावा का? आणि त्यांना मांडी घालून जेवायला बसू द्यावं का?
— एक वाचक भगिनी»

ताई,

रिपोर्टच्या ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवल्यात, हे फार बरं केलंत. पण मला सगळ्यात आधी जी गोष्ट हवी ती पत्रात नाही. यजमानांच्या डाव्या पावलात ताकद किती आहे?

हे आज घरीच बघा. अंगणात सपाट जागेवर त्यांना चवडे उचलून फक्त टाचांवर आठ-दहा पावलं चालायला सांगा. आधाराला कुणीतरी शेजारी असू द्या. मग खाटेवर पाय लांब करून बसवा, दोन्ही पायांचे अंगठे स्वतःकडे ओढून धरायला सांगा आणि तुम्ही बोटानं ते खाली दाबायचा प्रयत्न करा. दोन्ही अंगठे सारखाच जोर लावत असतील तर ठीक. डावा सहज खाली जात असेल, टाचेवर चालताना डावं पाऊल पडत असेल, किंवा डाव्या पायातली चप्पल निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं असं होत असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि उद्या सर्जनना दाखवा. पाऊल वर उचलायचं काम मुख्यतः ह्याच एल५ नशीचं. तिची ताकद दिवसागणिक उतरत असेल तर पुढे मी जो थांबण्याचा विचार मांडणार आहे तो तुम्हाला लागू नाही.

आणखी एक परिस्थिती अशी की जिथं उद्याचीसुद्धा वाट बघायची नाही. लघवी तुंबली किंवा नकळत झाली, शौचावर ताबा राहिला नाही, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर पडला, किंवा दोन्ही पायांत जोर राहिला नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा आणि सांगली-मिरजेचं मोठं हॉस्पिटल गाठा. कमरेच्या खालच्या भागातला नसांचा सगळा झुपका एकदम दबला की असं होतं. फार क्वचित होतं. पण झालं तर उशीर परवडत नाही.

यातलं काही नसेल, तर आता निवांत बोलू.

मी रेडिओलॉजिस्ट. निवृत्त होईपर्यंत असेच रिपोर्ट लिहीत आलो. हे काम कसं चालतं ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. रिपोर्ट लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा पेशंट दिसतच नाही. अर्जावर ‘कंबरदुखी, डावा पाय’ एवढे शब्द आणि पडद्यावर चित्रांची रांग. त्यात जे जे दिसेल ते सगळं लिहायचं, कारण न लिहिलेलं उद्या अंगाशी येऊ शकतं. म्हणून रिपोर्ट लांबतो. तुम्हा बागायतदारांच्या भाषेत सांगतो: हा सातबारा आहे. कोणत्या गटात काय नोंद आहे ते त्यात मिळेल. यंदा बाग कशी आलीय ते बघायला बांधावर जावं लागतं.

तर तुमच्या रिपोर्टमधल्या चार नोंदींपैकी कामाची एकच, पहिली. एल४-एल५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका. त्यांच्या मधल्या गादीचं बाहेरचं कडं फाटलं (एक्स्ट्रुजन), आतला मऊ गर डावीकडून बाहेर आला आणि थोडा खाली सरकला (मायग्रेशन). तिथून खाली जाणारी डावी एल५ नस त्यानं दाबली. ही नस पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वरच्या भागाकडे, अंगठ्याकडे जाते. तुम्ही कळेचा जो रस्ता लिहिलाय तो तंतोतंत हाच. चित्र आणि पाय एकच गोष्ट सांगताहेत, म्हणून ह्या नोंदीला अर्थ आहे. कळ पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे जात असती तर मी एस१ नशीकडे बघितलं असतं. कळ उजव्या पायात असती, तर एवढ्या ठळक चित्रावरही मी ऑपरेशनला हो म्हटलं नसतं.

बाकीच्या तीन नोंदी सोडून द्या. बल्ज म्हणजे गादी फुगणं, फिशर म्हणजे कड्याला गेलेली चीर, डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी होणं. ह्या गोष्टी कंबर कधीच न दुखलेल्या माणसांतही भरपूर सापडतात. अशा ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा निघाला. गादी झिजल्याची खूण विशीतल्या ३७ टक्के लोकांत होती, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांत, ऐंशीत ८४ टक्क्यांत. ह्या सगळ्यांना दुखत काहीच नव्हतं. म्हणजे ४४ वर्षांच्या कष्टकरी माणसाच्या रिपोर्टमध्ये ह्या नोंदी नसत्या, तरच मला नवल वाटलं असतं.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांबद्दलही एक सांगतो. आमच्या धंद्याला ते झोंबणारं आहे. अमेरिकेत पायात कळ असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंना तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत पाठवून एमआरआय काढले. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळ्या नोंदी निघाल्या. दहाही जणांनी लिहिली अशी एकही नोंद त्यात नव्हती. हा अभ्यास २०१७ चा. म्हणून सर्जनकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. जो सर्जन कागद वाचून ऑपरेशनची तारीख देतो, चित्रं स्वतः उघडत नाही आणि पाय उचलून बघत नाही, त्याच्याकडून उठून या. पाय उचलून बघणं म्हणजे उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर नेणं. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली कळ गेली तर नस दबल्याचा संशय बळावतो. दोन मिनिटांची तपासणी, फुकटची. यजमानांची ती कुणी केली का?

आता तुमचा खरा प्रश्न. एवढा वाईट रिपोर्ट असताना थांबावं का?

‘एक्स्ट्रुजन’, ‘मायग्रेशन’ वाचून तुमच्या पोटात गोळा आला असणार. पण विरून जाण्याच्या बाबतीत हीच नोंद बल्जपेक्षा बरी आहे. गादीचा गर कड्याच्या आत फुगून राहिला तर तो बऱ्याचदा तसाच राहतो. कडं फोडून बाहेर आला की रक्तपुरवठ्याच्या टप्प्यात येतो, शरीराला तो परका वाटतो, आणि पांढऱ्या पेशी त्याला कुरतडून खाऊन टाकतात. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०१५ साली असं मांडलं गेलं की ऑपरेशनशिवाय लहान होण्याचं प्रमाण नुसत्या बल्जमध्ये १३ टक्के, प्रोट्रुजनमध्ये, म्हणजे गादी एका जागी पुढे आली पण कडं फुटलं नाही तर, ४१, एक्स्ट्रुजनमध्ये ७०, आणि तुकडा पूर्ण सुटून पडला असेल तर ९६ टक्के. वर्षभरानं परत काढलेल्या एमआरआयमध्ये भला मोठा तुकडा गायब झालेला मी कितीदा तरी पाहिलाय. पहिल्यांदा पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला वाटतं, सीडी बदलली.

म्हणजे थांबलं की झालं, असं मात्र नाही. विरायला महिने लागतात आणि तोवर कळ सोसायची कुणी? नेदरलँड्समधली एक चाचणी इथं उपयोगी पडेल. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात २८३ रुग्ण होते, सगळ्यांना ६ ते १२ आठवड्यांची जोरदार पायदुखी. म्हणजे आज तुमचे यजमान जिथं आहेत अगदी तिथं. पाऊल लुळं पडलेले किंवा लघवीचा त्रास असलेले त्यात घेतले नव्हते. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन ठरवलं, निम्म्यांना गोळ्या, हालचाल आणि धीर यांवर ठेवलं. फारच असह्य झालं तर ऑपरेशन करू, असं सांगून. ऑपरेशनवाल्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. आणि वर्षाच्या शेवटी? दोन्हीकडे ९५ टक्के लोक म्हणाले, आम्ही बरे झालो. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच कधीतरी ऑपरेशन करून घ्यावं लागलं हेही खरं. पण उरलेल्यांचं त्याशिवाय भागलं.

ह्यावरून मी काय घेतो? तुमच्या यजमानांसारख्या रुग्णात ऑपरेशन वेळ विकत घेतं. साधारण आठ आठवड्यांची कळ वाचते. कुणाला ते फार मोलाचं असतं आणि त्यात गैर काही नाही. पण ‘आत्ता केलं नाही तर नस कायमची जाईल’ असं सांगून कुणी घाई करत असेल, आणि पावलातली ताकद शाबूत असेल, तर ते भीती घालणं झालं.

थांबण्यालाही हद्द आहे. कॅनडात ४ ते १२ महिने दुखणाऱ्या १२८ रुग्णांवर अशीच चाचणी झाली, निकाल २०२० चा. इतके दिवस कळ टिकलेल्यांत सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांची पायदुखी दहापैकी २.८ वर होती, बाकीच्यांची ५.२ वर. म्हणजे चार महिने उलटले आणि पाय तसाच असेल, तर हटून बसण्यात शहाणपण नाही.

यजमानांना पूर्वी रात्रभर बसावं लागायचं आणि आता चार-पाच तास झोप लागते, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. मला सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं. गाडी उतरणीला लागलेली दिसते. कळ अंगठ्याकडून पोटरीकडे, पोटरीकडून मांडीकडे वर सरकू लागली तर तेही चांगलं लक्षण; मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. माझं मत विचाराल तर: ताकद ठीक असेल तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबा. तोवर अंथरुणात पडून राहायचं नाही, सोसेल तितकं चालायचं. पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. वजन लावून पाय ताणायच्या उपचारावर पैसे घालवू नका. मणका ‘बसवून’ देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. ताज्या फुटलेल्या गादीवर गुडघा देऊन दाबणं हा जिवाशी खेळ आहे. नशीच्या दुखण्यावर प्रीगॅबालिनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत ह्या दुखण्यात त्या साखरेच्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. चालू असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. रात्र पुन्हा अवघड झाली तर मणक्यात नशीजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. काही आठवड्यांचा आराम काही जणांना मिळतो, आणि तेवढ्या वेळात निसर्गाचं काम पुढे सरकतं. त्याहून जास्त अपेक्षा धरू नका.

समजा तरीही ऑपरेशन करायचं ठरलं. मग दुर्बिणीचं की नेहमीचं?

आधी एक लक्षात घ्या, ‘नेहमीचं’ म्हणजे काही जुन्या काळचं चिरफाडीचं ऑपरेशन नव्हे. मायक्रोस्कोपखाली साधारण इंचभर छेद घेतात, स्नायू बाजूला करतात, दोन मणक्यांच्या कमानींमधून आत जातात, नस हळूच बाजूला धरतात आणि बाहेर आलेला तुकडा चिमट्यानं काढतात. पूर्ण गादी काढत नाहीत. ही पद्धत १९७७ पासून चालत आलेली आहे. १९९७ च्या सुमारास नळीची पद्धत आली. स्नायू न कापता त्यांच्या धाग्यांतून पावणेदोन-दोन सेंटिमीटरची नळी सरकवायची आणि तिच्यातून काम करायचं. आणि संपूर्ण एंडोस्कोपिक, म्हणजे दुर्बिणीच्या, पद्धतीत छेद जेमतेम आठ-दहा मिलिमीटरचा, बऱ्याचदा कमरेच्या बगलेकडून, जागा बधिर करून, रुग्ण बोलत असताना. तिन्हींत काढायचा तुकडा तोच आणि मोकळी करायची नसही तीच.

छेद लहान म्हणजे निकाल चांगला, हे ऐकायला पटतं. तपासल्यावर मात्र तसं सरळ निघालं नाही. नळीची पद्धत आणि नेहमीची पद्धत यांची तुलना नेदरलँड्समध्येच ३२८ रुग्णांवर झाली, २००९ साली. वर्षानं ‘मी चांगला बरा झालो’ म्हणणारे नळीच्या गटात ६९ टक्के होते आणि नेहमीच्या गटात ७९ टक्के. पुढच्या वर्षांत हा फरक पुसट झाला, पण नळी जिंकली असं काही कुणाला म्हणता आलं नाही. मग २०२२ मध्ये एंडोस्कोपिक पद्धतीची मोठी चाचणी आली, ६१३ रुग्णांची. तिथं एंडोस्कोप कमी पडला नाही. पायदुखीत तर थोडा सरसच ठरला. वर्षानं एंडोस्कोपवाल्यांचं दुखणं शंभरपैकी ७ गुणांवर होतं, नेहमीच्या पद्धतीवाल्यांचं १६ वर, म्हणजे दोन्हीकडे दुखणं थोडंच उरलेलं. ह्या चाचणीतली एक गोष्ट मला फार आवडली. जे सर्जन ही पद्धत नव्यानं शिकत होते त्यांच्या सुरुवातीच्या १२५ रुग्णांचा हिशेब त्यांनी वेगळा ठेवला. कारण दुर्बीण हातात बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी कमरेवर जातो.

म्हणून दुप्पट खर्च सांगणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत, आणि मध्येच उघडून करावं लागलं असं किती वेळा झालं? चांगला सर्जन रागावत नाही. तुमच्या यजमानांच्या बाबतीत दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो चित्रावरूनच सुटतो. तुकडा खाली सरकलाय, तो नेमका किती? थोडाच सरकला असेल तर बगलेच्या वाटेनं पोचता येतं. खालच्या मणक्याच्या आड बराच उतरला असेल तर त्या वाटेनं गाठणं अवघड, तुकडा मागे राहून जाण्याची भीती जास्त; मग मागच्या, कमानींच्या वाटेनं जाणं बरं. सर्जननी पडद्यावर आडवी आणि उभी चित्रं उघडून ‘तुकडा इथं आहे, मी इथून जाणार’ असं बोट ठेवून दाखवलं पाहिजे. आणि लेझर म्हणत असतील तर नको. ते गादीच्या आतल्या फुगवट्यासाठी असतं, बाहेर पडून खाली गेलेल्या तुकड्याला त्याचा उपयोग नाही.

पुढे वाकून आणि मागे वाकून उभ्यानं काढलेले साधे एक्स-रे झालेत का तेही बघा. एमआरआयमध्ये माणूस उताणा झोपलेला असतो. मणका मणक्यावरून घसरतोय का हे तिथं लपून राहू शकतं. शिवाय काहींच्या कमरेत मणके मोजताना एक कमी-जास्त भरतो, आणि मग एल४-एल५ कोणता यावरच घोळ होऊ शकतो. साध्या एक्स-रेनं तो मिटतो, आणि ऑपरेशन टेबलावर सी-आर्मनं, म्हणजे तिथल्या एक्स-रे यंत्रानं, परत खात्री करतात.

निकालाच्या बाबतीत अपेक्षा नीट ठेवा. ऑपरेशननं पायाची कळ जाते, बऱ्याचदा शुद्धीवर येताच. बधिरपणा हळूहळू जातो, कधी थोडा उरतो. कंबरदुखीची हमी कुणीच देऊ नये. नसांवरचं आवरण शंभरात तीन-चार जणांत फाटतं, ते तिथंच शिवतात. जंतुसंसर्ग त्याहून कमी. आणि कड्याला पडलेलं भोक लगेच बुजत नाही, त्यामुळे शंभरात पाच ते पंधरा जणांत त्याच जागी परत गर बाहेर येतो. दुर्बिणीनंही हा धोका टळत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती उगाच आलेली नाही. गादी सरकल्यानं पाय दुखतो हे बोस्टनच्या दोन सर्जननी १९३४ साली मांडलं. त्यानंतर कित्येक वर्षं हे ऑपरेशन मोठा छेद घेऊन, बरंच हाड काढून, आणि पाठीत रंगद्रव्य टोचून काढलेल्या अंधुक एक्स-रेच्या भरवशावर व्हायचं. भावकीतल्या त्या गृहस्थांचं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. एवढं सांगतो की मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. यजमानांचा तुकडा त्याच्या बराच खाली आहे, तिथं फक्त सुट्या नसा आहेत. एखाद्या नशीला इजा होऊ शकते, पण दोन्ही पाय जाऊन माणूस अंथरुणाला खिळणं ह्या जागी अगदी विरळा.

ऑपरेशननंतर परत एमआरआय? पाय बरा असेल तर अजिबात नको. त्या पहिल्या डच चाचणीतल्याच रुग्णांचे वर्षानं परत एमआरआय काढले होते. बरे झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या चित्रात गादी अजून बाहेर दिसत होती. बरे न झालेल्यांत ३३ टक्क्यांच्या. म्हणजे चित्र बघून कोण सुखात आहे हे ओळखता येत नव्हतं! उगीच काढलेल्या एमआरआयमध्ये कुणीतरी ‘रेसिड्युअल डिस्क’, म्हणजे उरलेली गादी, असं लिहील आणि चालता-फिरता माणूस धास्तीनं आजारी पडेल. हां, बरा झालेला पाय पुन्हा पहिल्यासारखा पेटला तर काढायचा, आणि तेव्हा शिरेतून गॅडोलिनियम देऊन काढायला सांगा. व्रणाचा भाग ते औषध शोषून उजळतो, गादीचा तुकडा सहसा उजळत नाही. नवा तुकडा की जुना व्रण हे त्यानं कळतं.

आता छाटणी. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन केलं तरी बहुतेक सर्जन निदान सहा आठवडे वजन उचलू देत नाहीत. सरींमधून हिसके खात जाणारा ट्रॅक्टर आणि मागे भरलेला ब्लोअर यांना तर त्याहून जास्त थांबायला लावतील. म्हणजे ऑपरेशन करा किंवा थांबा, ह्या ऑक्टोबरात फवारणीला ट्रॅक्टरवर दुसरा माणूस लागणारच. छाटणीची टोळी आणि एक ड्रायव्हर आत्ताच बघून ठेवा, म्हणजे ऑपरेशनच्या निर्णयावरचं बागेचं ओझं उतरेल. यजमानांनी बांधावर उभं राहून काडी किती ठेवायची ते सांगावं, तेवढं त्यांना दोन्ही वाटांनी जमेल.

खर्चाचं बघताना हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा. असेल तर तिथं आरोग्यमित्र बसतो. हे ऑपरेशन यादीत बसतं का आणि कोणते कागद लागतील ते तो सांगेल. हे दाखल होण्याआधी विचारायचं असतं, नंतर नाही.

आणि मांडी. बसल्यावर पायात कळ उठत असेल तर सध्या खुर्चीवर ताट द्या. खाली बसण्यात कंबर पुढे वाकते, त्यानं नस ताणली जाते, एवढंच. कळ नसेल तर बसू द्या. मांडी घातल्यानं तुकडा आणखी बाहेर येईल असं काही नसतं, आणि ‘आयुष्यात परत खाली बसायचं नाही’ असं कुणी बजावलं असेल तर ते मनावर घेऊ नका.